वसुलीला एक खाते, व्याजाला दोन



कर्जाचा विषय निघाला की आपल्या बैठकांत दोन गोष्टी हमखास बोलल्या जातात. कर्ज मिळत नाही आणि मिळालेले फिटत नाही. दोन्ही खऱ्या आहेत. पण तिसरी एक गोष्ट आहे, तिकडे आपले लक्षच जात नाही. आपण जसे बँकेचे देणेकरी, तशी वर्षातले काही महिने बँकही आपली देणेकरी असते. कापसाचा चुकारा, ज्वारीचे पैसे, पीकविम्याची रक्कम, शहरात कामाला गेलेल्या पोराने पाठवलेले चार पैसे, हे सगळे खात्यावर पडते आणि खर्च होईपर्यंत तिथेच राहते. तेवढे दिवस बँक आपला पैसा वापरते. तो ती कोणत्या दराने वापरते आणि त्याच दिवशी आपल्या कर्जावर कोणत्या दराने व्याज चढवते, हा हिशेब आता जिल्हा बैठकीत उघडपणे मांडला पाहिजे.

एका काउंटरवर तिघे

हा हिशेब समजून घ्यायला आपल्या मुलखातून थोडे बाहेर, पालघर जिल्ह्यात जाऊ. तिथे कापूसही नाही आणि ज्वारीही नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला हा जिल्हा भाताचा, चिकूचा, भाजीपाल्याचा आणि मासळीचा. तरी तो पाहायचा तो एवढ्यासाठी की तिथे शेती आणि कारखाना एकमेकांना खेटून आहेत. पालघर स्टेशन सोडले की उमरोळी, त्यापुढे बोईसर. बोईसरला लागून तारापूरची औद्योगिक वसाहत. कापड, रसायने, औषधे, पोलाद असे सगळे कारखाने तिथे आहेत. पलीकडे समुद्राकाठी १९६९ साली सुरू झालेले अणुवीज केंद्र. आपल्या पट्ट्यातली पोरेही तिथे कंत्राटी कामाला जातात.

अशा ठिकाणी बँकेच्या एकाच शाखेत तीन प्रकारची माणसे येतात. कारखानदार, कामगार आणि आसपासच्या गावचा शेतकरी. बँक तीच, साहेब तोच, संगणकही तोच. खाती मात्र तीन तऱ्हेची.

कामगाराचे पगाराचे खाते बहुधा किमान शिलकीच्या अटीतून मोकळे असते. कारखान्याचे खाते गावातला माणूस बँकेत आणू शकत नाही आणि कारखान्यातून दरमहा शेकडो पगार येतात, म्हणून बँक ही सवलत देते. ज्याच्यामागे संघटित पैसा आहे त्याच्याशी बँक सौदा करते, एवढे त्यातून लक्षात ठेवा.

कारखानदाराचे चालू खाते. चालू खात्यावर व्याज द्यायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. लाखो रुपये पडून राहोत, व्याज शून्य. या नियमाला एक अपवाद मात्र आहे. खातेदार मरण पावला तर मृत्यूच्या तारखेपासून वारसांना पैसे मिळेपर्यंत बचत खात्याच्या दराने व्याज द्यावे लागते. ही तरतूद १ मे १९८३ पासूनची. म्हणजे चालू खात्यावर व्याज हवे असेल तर आधी मरावे लागते!

आता प्रश्न असा, की शून्य व्याजाचे खाते असूनही कारखानदार कधी मोर्चा का काढत नाही? कारण तो त्या खात्यात पैसा पडू देत नाही. जास्तीचा पैसा आपोआप मुदत ठेवीत जाईल, अशी सोय तो बँकेकडून करून घेतो. आणि त्याचे खरे खाते दुसरेच असते. ते म्हणजे कॅश क्रेडिट, बाजाराच्या भाषेत सीसी.

सीसीचे काम असे चालते. माल आणि येणे बघून बँक उचलीची मर्यादा ठरवते. समजा ती ५० लाख ठरली. सकाळी सूत घ्यायला १० लाख उचलले, कर्ज १० लाख. संध्याकाळी व्यापाऱ्याचे ६ लाख आले ते त्याच खात्यात भरले, कर्ज ४ लाख. त्या रात्रीचे व्याज ४ लाखांवर. उद्या पुन्हा लागले तर पुन्हा उचल, नव्याने अर्ज करायला नको. ठेव वेगळी आणि कर्ज वेगळे असा प्रकारच तिथे नाही. घरात आलेला प्रत्येक रुपया त्याच दिवशी कर्ज कमी करतो. म्हणजे त्याच्या रुपयाला कर्जाच्या दराइतके व्याज मिळाल्यासारखे होते. चालू खात्यावर व्याज नाही म्हणून त्याचे काही बिघडत नाही, ते यामुळे.

आपली दोन खाती

आता आपल्याकडे या. आपले एक बचत खाते आणि एक पीककर्ज खाते. दोन्ही एकाच शाखेत, एकाच नावाने, एकाच सातबाऱ्यावर. पण दोघांची आपसात ओळख नाही.

बचत खात्याची कहाणी आधी पाहू. १९९२ साली बचत खात्याचा दर ६ टक्के होता. तो उतरत उतरत २००३ साली साडेतीनवर आला. २५ ऑक्टोबर २०११ रोजी रिझर्व्ह बँकेने हा दर ठरवण्याचे स्वातंत्र्य बँकांना दिले. स्पर्धा होईल आणि ठेवीदाराचा फायदा होईल, असे तेव्हा सांगण्यात आले. मोठ्या बँकांनी काय केले? स्टेट बँकेने जून २०२५ मध्ये हा दर अडीच टक्क्यांवर आणला. स्वातंत्र्य बँकेला मिळाले, दर आपला उतरला.

व्याज मोजण्याची रीतही लक्षात ठेवण्यासारखी आहे. ३१ मार्च २०१० पर्यंत महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल तेवढ्यावरच व्याज मिळे. चुकारा १२ तारखेला आला आणि २८ ला उचलला तर व्याज शून्य. पिढ्यान्‌पिढ्या आपला पैसा असा फुकट वापरला गेला. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकीवर व्याज सुरू झाले. पोस्टाच्या बचत खात्याचा दर ४ टक्के आहे, पण तिथे अजून जुनीच रीत आहे. १० तारखेनंतर पैसे भरणाऱ्याला त्या महिन्याचे त्यांवर काही मिळत नाही.

आता हिशेब मांडू. एका कोरडवाहू शेतकऱ्यावर एक लाखाचे पीककर्ज आहे. त्याने साडेसात क्विंटल कापूस २०२५-२६ च्या ८,११० रुपये हमीभावाने विकला आणि १ डिसेंबरला साधारण ६०,००० रुपये बचत खात्यात आले. ३१ मार्चपर्यंत म्हणजे १२० दिवस ते तिथेच राहिले.

अडीच टक्क्यांनी बँकेने त्याला दिले ४९३ रुपये.

त्याच १२० दिवसांचे त्याच ६०,००० रुपयांवरचे कर्जाचे व्याज ७ टक्क्यांनी झाले १,३८१ रुपये.

फरक ८८८ रुपयांचा. २०२५ च्या हंगामात बीटी कपाशीचे पाकीट ९०१ रुपयांना होते. म्हणजे जवळजवळ एक पाकीट बियाणे बँकेने नुसते दोन वह्या वेगळ्या ठेवून काढून घेतले. बाजारात उलटी पट्टी आपल्या ओळखीची आहे. ही बँकेतली उलटी पट्टी.

कोणी म्हणेल, मुदतीत फेडणाऱ्याला व्याज लागतच नाही. ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जावर केंद्राची ३ टक्के सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून दर शून्यावर येतो. बरोबर आहे. ज्याला दोन्ही सवलती पुऱ्या मिळाल्या त्याला हा ८८८ चा फटका बसत नाही. पण ज्याची मुदत चुकली त्याच्या दोन्ही सवलती जातात आणि त्याच्याकडून पुरे व्याज घेतले जाते. कोरडवाहू शेतीत मुदत कोणाची चुकते? ज्याचा पाऊस चुकला त्याची. ज्याला सवलतीची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच हातून ती निसटते.

तर मग कर्जखात्यातच का भरत नाही?

साहेब विचारतील, एवढे कळते तर ६०,००० रुपये १ डिसेंबरलाच कर्जखात्यात का भरले नाहीत? उत्तर आपल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. भरलेला पैसा परत मिळत नाही. जानेवारीत दवाखाना निघाला, फेब्रुवारीत मुलीचे लग्न ठरले, विहिरीची मोटार जळाली, तर त्या खात्यातून पाच हजार रुपये उचलता येत नाहीत. पुरे कर्ज भरा, नवी मंजुरी येऊ द्या, नवे कागद करा, तेव्हा मे-जूनमध्ये बघू, असे उत्तर मिळते. म्हणून शहाणा माणूस पैसा बचत खात्यात नाहीतर ट्रंकेत ठेवतो. हे अडाणीपण नव्हे, हा भीतीतून आलेला हिशेब आहे. कारखानदार संध्याकाळी बिनधास्त पैसे भरतो, कारण सकाळी ते परत उचलता येतील याची त्याला खात्री असते.

या भीतीतूनच मार्च महिन्यात 'नवे-जुने'चा खेळ सुरू होतो. ३१ मार्चच्या आत अख्खे कर्ज भरल्याचे दाखवायचे आणि चार-आठ दिवसांनी तेवढेच पुन्हा उचलायचे. मधल्या दिवसांसाठी पैसा कुठून येतो? सावकाराकडून, शेकडा ३ रुपये दराने. दहा दिवस वापरा की वीस दिवस, महिना पुरा धरला जातो. एक लाखाला ३,००० रुपये. बँकेच्या कागदावर व्याज शून्य टक्के, शेतकऱ्याच्या खिशातून गेले तीन टक्के. बँकेची वसुली शंभर टक्के दिसते, सरकारची योजना यशस्वी होते आणि सावकाराचा धंदा चालतो. सगळे खूष, भरणारा आपण.

होल्ड

इथपर्यंत कोणी म्हणेल, बँकेची पद्धतच तशी आहे, ठेव वेगळी आणि कर्ज वेगळे. तर मग दुसरी बाजू पाहा. कर्ज थकले की काय होते? बचत खात्याला 'होल्ड' लागतो. पीकविम्याचे पैसे आले, अडकले. अनुदान आले, कर्जात वळते झाले. निराधाराचे पैसे अडकल्याच्या तक्रारी आपल्या बैठकांत येतात. त्या दिवशी बँकेला अचानक साक्षात्कार होतो की ही दोन्ही खाती एकाच माणसाची आहेत!

आमचा आक्षेप नेमका इथे आहे. वसुली करायची तेव्हा दोन खाती मिळून एक, आणि व्याज मोजायचे तेव्हा एका माणसाची खाती दोन. दोन्हीकडून फायदा बँकेचा. एकतर दोन्ही वेळा दोन धरा, नाहीतर दोन्ही वेळा एक धरा. न्याय एवढा साधा आहे.

कागदावर सगळे आहे

आम्ही नवीन काही मागत नाही. किसान क्रेडिट कार्ड १९९८ साली आले ते याच कल्पनेवर. २०१२ साली योजना सुधारली तेव्हा स्पष्ट लिहिले गेले की अल्पमुदतीचा भाग म्हणजे फिरते कॅश क्रेडिट. भरणा आणि उचल किती वेळा करावी यावर बंधन नको. फेडीची मुदत पीक निघण्याच्या आणि विकण्याच्या काळाप्रमाणे ठरवावी. मर्यादा ठरवताना पिकाच्या खर्चावर १० टक्के घरखर्चासाठी आणि २० टक्के शेतीच्या अवजार-मालमत्तेच्या देखभालीसाठी धरावेत. मर्यादा पाच वर्षांसाठी असावी. इतकेच नव्हे, कार्डाच्या खात्यात कर्ज फिटून उलट शिल्लक जमा राहिली तर तिच्यावर बचत खात्याच्या दराने व्याज देऊ, असे स्टेट बँकेसारखी बँक स्वतः सांगते.

म्हणजे पाहा, व्याज देणारे चालू खाते कारखानदारालाही कायद्याने मिळत नाही, ते शेतकऱ्याच्या नावाने कागदावर तयार आहे. पैसा भरला की कर्ज कमी, लागला की उचल, जास्त झाला की वर व्याज. फक्त शाखेत ते चालवले जात नाही. कार्ड दिले जाते, पण वापर जुन्या पीककर्जासारखाच. वर्षातून एकदा उचल, एकदा भरणा, मध्ये कुलूप.

बँकवाल्यांचे आक्षेप काय आहेत? एक, शेतकरी पीककर्ज घरखर्चाला वापरेल. तर घरखर्चाचे १० टक्के योजनेतच धरलेले आहेत. दोन, एवढा रोजचा हिशेब ठेवणे जमत नाही. बचत खात्याचे व्याज २०१० पासून रोजच्या शिलकीवर निघते, मग कर्जखात्याचे काढताना संगणकाचे हात दुखतात काय? तीन, शेती जोखमीची आहे. खरे आहे, पण खात्यात पैसा लवकर आला तर जोखीम कमी होते की जास्त? परत उचलण्याची खात्री द्या, डिसेंबरातच भरणा सुरू होईल.

कोणी परदेशाचा दाखला देईल की तिकडे चालू खात्यावरच व्याज मिळते. अमेरिकेत १९३३ च्या कायद्याने अशा व्याजावर बंदी होती, ती २१ जुलै २०११ रोजी उठली. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीस बँकांनी चढाओढीत असे व्याज सुरू केले. पण नुसत्या व्याजाच्या दरावर भुलू नये. एका हाताने दिलेले व्याज बँक दुसऱ्या हाताने शुल्क लावून काढून घेऊ शकते. आपल्याकडेही सरकारी बँकांनी २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत किमान शिल्लक राखली नाही म्हणून सुमारे ८,५०० कोटी रुपये दंड गोळा केला. गरिबी असल्याचा दंड! स्टेट बँकेने हा दंड मार्च २०२० मध्ये बंद केला. कॅनरा, पंजाब नॅशनल आणि इंडियन बँकेने २०२५ मध्ये. तेव्हा व्याज किती हे विचारताना कापले किती हेही विचारा.

पासबुक घेऊन बसा

ठराव होतील तेव्हा होतील. तोवर प्रत्येकाने स्वतःपुरते एवढे करावे.

१. पासबुक भरून घ्या आणि प्रत्येक कपात वाचा. एसएमएस, एटीएम, किमान शिल्लक, विम्याचा न मागितलेला हप्ता. एटीएमच्या फुकट वेळा संपल्यावर १ मे २०२५ पासून दर वेळेला २३ रुपयांपर्यंत कापतात. दोन-दोनशे रुपये काढायला दहा वेळा जाऊ नका.

२. किमान शिलकीचा दंड लागत असेल तर खाते 'मूलभूत बचत खात्या'त बदलून द्या, असा लेखी अर्ज करा. त्याला किमान शिलकीची अटच नसते.

३. जमिनीच्या मोबदल्याची मोठी रक्कम बचत खात्यात ठेवू नका. पालघरमध्ये बुलेट ट्रेनसाठी आणि मुंबई-वडोदरा महामार्गासाठी जमिनी गेल्या, आपल्याकडे समृद्धी महामार्गासाठी गेल्या. बापजाद्यांची जमीन विकून आलेला पैसा अडीच टक्क्यांवर ठेवणे म्हणजे जमीन दुसऱ्यांदा गमावणे. मुदत ठेव करा किंवा जास्तीची रक्कम आपोआप मुदत ठेवीत जाण्याची सोय मागा.

४. दराच्या लोभाने सगळा पैसा एका ठिकाणी नको. बँक बुडाली तर ठेवविमा व्याजासह ५ लाखांपर्यंतच मिळतो, तोही ४ फेब्रुवारी २०२० पासून. पतसंस्थेला आणि गावच्या सोसायटीला तो लागूच नाही. नागपूर, वर्धा, बुलढाणा या कापूसपट्ट्यातल्या जिल्हा बँका अडचणीत आल्या तेव्हा ठेवीदारांचे काय हाल झाले ते विसरू नका.

५. शेतकरी उत्पादक कंपनीचे खाते चालू खाते असते, त्यावर व्याज नाही. संचालकांनी जास्तीचा पैसा मुदत ठेवीत वळवण्याची सोय करून घ्यावी. महिला बचत गटाला मात्र बचत खाते मिळते, ते चालू खात्यात ढकलू देऊ नका.

६. कर्जाचा खातेउतारा मागा. अल्पभूधारकाच्या अल्पमुदतीच्या कर्जावर एकूण व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. आपल्या दामदुपटीच्या जुन्या नियमासारखाच. जास्त लावले असेल तर लेखी हरकत घ्या.

बैठकीपुढचा ठराव

येत्या जिल्हा बैठकीत पुढील मागण्यांचा ठराव करावा आणि तो जिल्ह्याच्या अग्रणी बँकेला, जिल्हा मध्यवर्ती बँकेला व जिल्हाधिकाऱ्यांना द्यावा.

एक : किसान क्रेडिट कार्डाचे खाते वर्षभर भरणा-उचलीसाठी खुले राहावे. भरलेली रक्कम मर्यादेच्या आत केव्हाही परत उचलता यावी.

दोन : व्याज रोजच्या बाकीवर मोजावे आणि वर राहिलेल्या जमा शिलकीवर बचतीच्या दराने व्याज द्यावे. तसा हिशेब पासबुकात छापावा.

तीन : कापसाचा चुकारा कोणत्या खात्यात घ्यायचा हे शेतकऱ्याने ठरवावे, बँकेने नव्हे.

चार : विमा, अनुदान आणि निराधारांच्या रकमेवर होल्ड लावू नये.

पाच : फेडीची तारीख ३१ मार्च ही सरकारी वर्षाची नको, वेचणी आणि विक्री संपण्याची हवी.

एक गोष्ट स्पष्ट करून थांबतो. खाते सुधारल्याने शेती फायद्याची होणार नाही. भावच खर्चाखाली असेल तर खाते एक असो की दोन, बाकी लालच राहणार. घामाच्या दामाची लढाई त्यामुळे सुटत नाही, सुटू देणारही नाही. पण जो पैसा आपल्या घामाचा म्हणून खात्यावर आला, तो तरी बँकेने फुकट वापरू नये. कारखानदाराच्या रुपयाला जो मान आहे तोच आमच्या रुपयाला हवा. ही दया नव्हे आणि माफीही नव्हे. हा हिशेब आहे, आणि तो मागायला शाखेत एकटे जाऊ नका. गावातले दहा खातेदार दहा पासबुके घेऊन एकाच दिवशी जा.